परदेशीं विद्या आणि घरचा हिशेब



परदेशीं शिकावयास जाणें ही आपल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांत आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. नवल वाटतें तें एवढेंच कीं, घर बांधतांना विटांचा भाव दहा ठिकाणीं विचारणारे गृहस्थ या कामीं मात्र विद्यापीठाचें नांव आधीं ठरवितात आणि पैशाचा विचार मागाहून करितात. हा क्रम उलटा कां करावा, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

या बाबतींत डॉ. आंबेडकरांचें उदाहरण मननीय आहे. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठांत गेले. मुदत तीन वर्षांची. बदल्यांत दहा वर्षें बडोदें संस्थानची चाकरी करण्याचा करार. पुढें ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्ति संपल्यामुळें १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. चार वर्षांच्या आंत परत येण्याची विद्यापीठाची परवानगी मात्र त्यांनीं घेऊन ठेविली होती. मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे सांठविले; शाहू महाराजांचें साह्य आणि नवल भथेना या मित्राचें कर्ज यांच्या आधारानें १९२० सालीं ते लंडनला परतले व १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाले. एवढ्या बुद्धिमान् पुरुषासही पैशाची मुदत चुकली नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

खर्चाचे मुख्य भाग दोन: विद्यापीठाची फी आणि राहण्याजेवण्याचा खर्च. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांतून बहुधा फी नाहीं, हें ऐकून पुष्कळ पालक निश्चिंत होतात. परंतु व्हिसासाठीं वर्षाच्या निर्वाहाची रक्कम तेथील बंद खात्यांत आधीं भरून दाखवावी लागते. २०२४ सालीं ती ११,९०४ यूरो ठरली, म्हणजे महिन्यास ९९२. हा पैसा आपलाच असतो, हप्त्यानें परत मिळतो. पण प्रथम तो हातीं असावा लागतो. अमेरिकेंतही पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखविल्यावांचून विद्यापीठ व्हिसाचा कागद देत नाहीं. शिवाय सत्र चालू असतां विद्यार्थ्यास आठवड्यास वीस तासच, तेंही विद्यापीठाच्या आवारांत, काम करतां येतें. तेव्हां अशा कमाईनें जेवणखर्चास हातभार लागेल. फी भागेल असें धरून चालूं नये.

दुसरें, आपण कमावतों रुपयांत आणि भरतों डॉलरांत. २०१४ च्या मध्यास डॉलर सुमारें साठ रुपयांस होता. २०२४ अखेर तो पंचाऐशींच्या घरांत गेला. तीस हजार डॉलरांची फी अठरा लाखांची साडेपंचवीस लाख झाली, आणि विद्यापीठानें एक डॉलरही वाढविला नव्हता! म्हणून दुसऱ्या वर्षाच्या अंदाजांत थोडी वाढ धरावी.

आतां कर्जाचा हिशेब. शिकत असतां आणि त्यापुढें साधारण एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र थांबत नाहीं. वीस लाख मुद्दल, शेंकडा दहा सरळ व्याज, दोन वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची सवलत धरल्यास पहिला हप्ता भरण्यापूर्वींच सहा लाख व्याज चढतें. मुलाची नोकरी लांबली तर हें ओझें कोणाच्या पेन्शनीवर पडणार? राहतें घर तारण देण्यापूर्वीं हा प्रश्न मुलासमोर, त्याच्या आईसमोर आणि धाकट्या बहिणीसमोर मोठ्यानें विचारावा. त्या घरांत तिचाही वाटा आहे.

शिष्यवृत्तींचा शोध दीड वर्ष आधीं सुरू करावा. कित्येकींची मुदत प्रवेशाच्या मुदतीपूर्वींच संपते. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं स्थापिलेला निधि कर्जरूपानें साह्य करितो. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची महाराष्ट्र सरकारची परदेश शिष्यवृत्ति आहे. अटींचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

ऋण काढून सण करूं नये, असें आपले वडील सांगत. विद्या हा सण नव्हे. तिच्यासाठीं ऋण काढण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तें किती वर्षांत आणि कोणाच्या कमाईंतून फिटेल, हें जाण्यापूर्वीं वहींत लिहून ठेवावें. तें लिहितां येत नसेल, तर एक वर्ष थांबण्यांत विद्येची हानि होत नाहीं.