हातातली काठी



परीक्षा जवळ आली की घरात भीती शिरते. मुलगा पुस्तक उघडून बसतो, पण काही डोक्यात शिरत नाही. बाप बोलून दाखवत नाही, पण त्याचीही झोप उडालेली असते. या भीतीविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

इमाम गझाली १०९१ साली बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक झाले. मोठी विद्या, मोठा मान. परंतु १०९५ साली विद्यार्थ्यांपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, अन्नही गिळवेना. हकीम म्हणाले, हे दुखणे मनाचे आहे. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, ही शंका त्यांना आतून खात होती. शेवटी त्यांनी ते पद सोडले.

हेच गझाली ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात सांगतात की, कुरआन वाचणाऱ्याने त्यातले प्रत्येक बोलणे आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे. शब्दांचा बाहेरचा अर्थ सोडायचा नाही. मात्र तिथेच थांबायचेही नाही.

सूरह ताहामधील हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचा प्रसंग असा वाचून पाहा. तुवाच्या पवित्र खोऱ्यात अल्लाहने त्यांना हातात काय आहे असे विचारले. ते म्हणाले, काठी. तिच्यावर मी टेकतो, शेळ्यामेंढ्यांसाठी पाला झोडतो. ती टाकण्याचा हुकूम झाला. टाकताच तिचा साप झाला! मग न भिता तो उचलण्याचा हुकूम झाला, आणि साप पुन्हा काठी झाला.

आता हाच प्रश्न स्वतःला विचारा. आपण कशावर टेकून उभे आहोत? माझा मुलगा एकदा नापास झाला. खरे सांगतो, त्याच्या दुःखापेक्षा मोहल्ल्यात तोंड कसे दाखवू, हीच भीती मला जास्त होती. त्याचे गुण ही माझी काठी झाली होती. तिचा साप झाला, आणि तो आम्हा दोघांना डसला.

लक्षात घ्या, अल्लाहने काठी मोडली नाही. परत हाती दिली. अभ्यास सोडायचा नाही, गुणही मिळवायचे. फक्त आपला सगळा भार त्यांच्यावर टाकायचा नाही. आणि साप मूसांना स्वतःच्या हातानेच उचलावा लागला. तुमचे पुस्तकही तुम्हालाच उघडावे लागेल.

विद्यार्थ्यांनो, भीती वाटणे हा कमीपणा नाही. मूसांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ मागितली, मदतीला भाऊ हारून मागितला. फिरऔनकडे जाताना दोघांनी भीती बोलून दाखवली. त्यांना कोणी रागावले नाही. मी तुमच्याबरोबर आहे, असा दिलासा मिळाला.

पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाला किती गुण पडतील हे विचारू नका. कशाची भीती वाटते, ते विचारा आणि शांतपणे ऐकून घ्या.