रुग्णालयात जडणारे रोग : स्वच्छतेचा प्रश्न हा श्रमाचाही प्रश्न आहे



आडुतुरै हे कुंभकोणमजवळचे, कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचे गाव. १९२२ साली तेथे भात संशोधन केंद्र सुरू झाले आणि 'एडीटी' या अक्षरांनी ओळखले जाणारे भाताचे वाण तेथूनच दूरवर गेले. येथील शेतमजुराचे हाड मोडले वा बाळंतीण अडली, तर जवळचे मोठे सरकारी रुग्णालय कुंभकोणमचे आणि त्यापुढचे तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे. रोजगार बुडवून, उसनवारी करून तेथे पोहोचलेल्या माणसाला विचारण्याचा हक्क आहे : घरून एक रोग घेऊन निघालेला रुग्ण दुसराच रोग घेऊन परत येणार नाही ना?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार श्रीमंत देशांत तातडीच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच नवा संसर्ग जडतो. अशा बाधितांपैकी सरासरीने दहातील एक दगावतो. म्हणजे जंतूलाही वर्गभेद कळतो असे नव्हे. जंतूला वाट मोकळी करून देणारी परिस्थिती मात्र वर्गभेदातून निर्माण होते.

हे संसर्ग मुख्यतः चार वाटांनी शिरतात. लघवीसाठी बसविलेली नळी, शिरेत घातलेली सलाइनची सुई वा नळी, कृत्रिम श्वासयंत्र आणि शस्त्रक्रियेची जखम. पहिल्या तिन्ही ठिकाणी शरीराची नैसर्गिक तटबंदी ओलांडून एक परकी वस्तू आत ठेवलेली असते. तिच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर जमतो आणि त्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. लघवीची नळी जितके दिवस राहील, तितकी मूत्रात जंतू आढळण्याची शक्यता दररोज ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. म्हणून 'नळीची आज गरज आहे काय?' हा रोज सकाळी विचारलेला साधा प्रश्न कित्येक महागड्या औषधांहून मोलाचा ठरतो.

या जंतूंना पाय नसतात. ते बहुधा माणसाच्या हातांवरून प्रवास करतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली हे दाखवून दिले. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना त्यांनी क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये तेथील मृत्युप्रमाण १८ टक्क्यांच्या वर होते. जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आले. तत्कालीन प्रतिष्ठित वैद्यांनी मात्र त्यांची उपेक्षाच केली.

तेव्हापासून ज्ञान आहे. मग आचरण का नाही? येथे हिशेब मांडला पाहिजे. जंतुनाशक द्रव हाताला नीट चोळण्यास किमान २० ते ३० सेकंद लागतात. समजा, एका परिचारिकेकडे ४० रुग्ण आहेत आणि एका पाळीत प्रत्येकाजवळ दहा वेळा जावे लागते. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट धरले तरी केवळ हात स्वच्छ करण्यात २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे जातील. आठ तासांच्या पाळीत हे अशक्य आहे. तिच्याकडे ५ रुग्ण असतील, तर हेच काम २५ मिनिटांत होते. म्हणून 'परिचारिका निष्काळजी आहेत' हा आरोप करण्यापूर्वी त्यांची संख्या मोजावी. तामिळनाडूत २०१५ साली भरती झालेल्या परिचारिकांना २०१७ च्या नोव्हेंबरात चेन्नईत नोकरी कायम करण्यासाठी धरणे धरावे लागले, ही गोष्ट रुग्णांच्या सुरक्षिततेपासून वेगळी काढता येत नाही. कंत्राटी सफाई कामगाराची गोष्टही तीच. ज्याला हातमोजे मिळत नाहीत, त्याच्याकडून निर्जंतुक फरशीची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे.

दुसरे संकट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात एनडीएम-१ हा विकर धारण करणारे जंतू चेन्नईतील ४४, हरियाणातील २६ आणि ब्रिटनमधील ३७ नमुन्यांत सापडले. हा विकर अखेरचा आधार मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम औषधांनाही निकामी करतो. त्यावेळी नावात 'नवी दिल्ली' आली म्हणून गदारोळ झाला. जंतूंविषयी त्याहून कमी बोलले गेले. प्रतिजैविकांच्या शिस्तीसाठी वैद्यक संघटनांनी २०१२ साली चेन्नई जाहीरनामा काढला, ही मात्र आशेची बाब होय.

तिसरी बाब नोंदीची. तंजावरच्या मराठी राज्यात दुसऱ्या सरफोजींच्या काळी (१७९८–१८३२) धन्वंतरी महालात उपचार होत. नेत्ररुग्णांच्या एकेकाच्या नोंदी, काही ठिकाणी डोळ्यांच्या चित्रांसह, तेथे लिहून ठेवल्या जात. त्याच तामिळ भूमीत २००८ साली मोतीबिंदूच्या मोफत शिबिरानंतर ६६ गरिबांची शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्याची दृष्टी गेली. मोफत उपचार म्हणजे हलका उपचार नव्हे, हे तेव्हा कोणी तरी विसरले होते. संसर्ग मोजलाच नाही तर तो नाहीसा झाल्याचा भास होतो, आणि त्याची किंमत रुग्ण आपल्या देहाने चुकती करतो.

सारांश, मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक सरकारी व खाजगी रुग्णालयाने संसर्गाची नोंद ठेवून ती जाहीर करावी. परिचारिका व सफाई कामगारांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात. प्रत्येक खाटेजवळ पाणी, साबण व जंतुनाशक द्रव असावा. निर्जंतुकीकरणाची यंत्रे चालू स्थितीत असावीत आणि प्रतिजैविके तपासणीच्या आधारेच दिली जावीत. रुग्णाच्या नातलगानेही संकोच न करता विचारावे : 'डॉक्टरसाहेब, हात धुतलेत ना? ही नळी अजून हवी आहे का?' हा उद्धटपणा नव्हे, नागरिकाचा हक्क आहे.

असे संसर्ग योग्य व्यवस्थेने ७० टक्क्यांपर्यंत टाळता येतात, असे तोच अहवाल सांगतो. जे टाळता येते ते दैव नव्हे. आडुतुरैच्या शेतमजुरालाही रुग्णालयाच्या दारातून केवळ बरे होऊनच बाहेर पडता आले पाहिजे. त्यासाठी लढणे हे आरोग्य चळवळीचे रोजचे काम आहे.