सूक्ष्मजीव : आपले न दिसणारे शेजारी
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सप्टेंबर १९९४ आठवा. तापीच्या पुराचा चिखल अजून वाळला नव्हता. बाप्पांचे विसर्जन नुकतेच झाले होते, आणि वेडरोडकडून प्लेगची बातमी आली. चार-पाच दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. आम्हीही मिळेल त्या गाडीने नंदुरबार, अमळनेर गाठले. तिकडे पोहोचल्यावर आपलीच माणसे दुरून बोलू लागली, ते जास्त लागले.

तेव्हा आम्हाला काय ठाऊक नव्हते? प्लेग हा येर्सिनिया पेस्टिस नावाच्या जीवाणूमुळे होतो. तो उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो, फुप्फुसात शिरला तर खोकल्यातूनही पसरतो. पण वेळेवर टेट्रासायक्लिनसारखे औषध मिळाले तर रोगी बरा होतो. भीतीपोटी धडधाकट माणसांनीही त्या गोळ्या घेतल्या आणि दुकाने रिकामी झाली. तो प्लेगच होता का, हा वाद पुढे कैक वर्षे चालला. २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील संशोधकांनी जंतूंचा डीएनए तपासून तो प्लेगच असल्याचे दाखवले.

हे काम वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचे. जीवाणू, विषाणू आणि बुरशी यांचा अभ्यास करणाऱ्या शाखाही वेगवेगळ्या आहेत. ताप जीवाणूचा की विषाणूचा, यावर औषध ठरते. विषाणूच्या सर्दीवर प्रतिजैविक चालत नाही.

पण सगळेच सूक्ष्मजीव वैरी नाहीत. विरजणातले जीवाणू दुधाचे दही करतात, ढोकळ्याचे पीठही सूक्ष्मजीवच फुगवतात. ही अन्न सूक्ष्मजीवशास्त्राची बाजू. आपल्या खानदेशातल्या शेतात तूर-हरभऱ्याच्या मुळांवर गाठी दिसतात. त्यांतले रायझोबियम हवेतला नत्र पिकाला देतात. बीटी कापसातले बोंडअळीला मारणारे जनुकही मातीतल्या एका जीवाणूचे. ही कृषी शाखा.

औद्योगिक शाखेने बुरशीपासून पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर काढले. त्यासाठी १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. सुती कापडाची खळ काढायचे विकरही आज सूक्ष्मजीवांकडूनच मिळवतात.

आणि पर्यावरण शाखा तर आपल्या सुरतेतच पाहावी. अंजना येथील सांडपाणी केंद्रात गाळ बंद टाक्यांत ठेवतात. हवेशिवाय जगणारे जीवाणू तो कुजवून मिथेन वायू तयार करतात आणि त्यावर वीज निर्माण होते. प्लेगनंतर, १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून काढले. आज त्याच शहराच्या घाणीतून वीज निघते!

मंडळी, १९९४ मध्ये गोळ्या संपल्या, ही एक अडचण होती. आज गोळ्या मुबलक आहेत, पण लागू पडेनाशा होत आहेत, ही त्याहून मोठी अडचण आहे. दोन दिवसांत बरे वाटले की आपण औषध सोडतो, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देतो. अशा वागण्याने औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. म्हणून बाप्पांसमोर आपण एवढे ठरवू या : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रतिजैविक घ्यायचे नाही, आणि सांगितले तर ते सांगतील तितके दिवस पूर्ण घ्यायचे.

गणपती ही विद्येची देवता. पुन्हा संकट आले तर आमच्या मुलांना गाडी पकडून पळावे लागू नये, एवढी विद्या घरोघरी असो.

गणपती बाप्पा मोरया!