दोन तासांचा ब्लॉक आणि सहा महिन्यांचे सेमिस्टर

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्काराला बोलायला माझ्यासारखा डिप्लोमावाला माणूस का बोलावला, असा प्रश्न काहींना पडला असेल. मलाही पडला होता. कार्यवाह म्हणाले, "तुम्ही रोज नियोजन करता, तेच सांगा." म्हणून उभा आहे. पण आधी एक कबुली द्यायची आहे. ती ऐकली नाही तर पुढचे सगळे पोपटपंची वाटेल.

मी वऱ्हाडातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलला होतो. दुसऱ्या वर्षाला, १९९६ साली, माझे तीन विषय राहिले आणि वर्ष गेले. गंमत म्हणजे माझ्याकडे वेळापत्रक होते. ड्रॉइंग शीटवर, चार रंगांच्या स्केचपेनने काढलेले. पहाटे चारला उठणे, साडेचारला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, सहाला सर्व्हेइंग. असे थेट रात्री अकरापर्यंत. होस्टेलची पोरे बघायला यायची. ते तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी साडेसातला जाग आली, सगळे कोलमडले, आणि मग "सोमवारपासून नव्याने" असे म्हणत सेमिनार, गॅदरिंग, क्रिकेट यात महिने गेले. शीट मात्र वर्षभर भिंतीवर होते.

निकाल घरी सांगितला नाही. "राखून ठेवलाय," असे चार महिने सांगत राहिलो. वडील एके दिवशी फीचे पैसे रुमालात बांधून एस.टी.ने आले आणि नोटीस बोर्डापाशी उभे राहून त्यांनी स्वतःच वाचले. मला एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षी धाकट्या बहिणीला नर्सिंगला जायचे होते. घरात एकाच्याच शिक्षणापुरते पैसे होते आणि ते माझ्या जादाच्या वर्षाला गेले. ती अकोल्याला असते, शिवणकाम करते. तिने आजवर कधी बोलून दाखवलेले नाही.

२००१ साली मी रेल्वेत लागलो, रुळांच्या कामावर. तिथे पहिल्यांदा कळले की नियोजन म्हणजे काय. रूळ बदलायचा तर गाड्या थांबवून लाइन आपल्या ताब्यात घ्यावी लागते, त्याला आपण ब्लॉक म्हणतो. आपल्या विभागात कोळशाच्या गाड्यांची रांग संपत नाही. तीन तास मागा, कंट्रोल दोन देणार, हातात पावणेदोन पडणार. म्हणून खरे काम ब्लॉकच्या आधी होते. रूळ आदल्या दिवशी जागेवर टाकलेला असतो, गंजलेले बोल्ट तेल देऊन सैल केलेले असतात, कोणता माणूस कुठे उभा राहणार हे ठरलेले असते. ब्लॉक मिळाल्यावर पाना शोधत बसणारा सुपरवायझर पुढच्या वेळी कोणाला तोंड दाखवू शकत नाही. शेवटची वीस मिनिटे नवे काहीच उघडायचे नाही, फक्त आवळायचे आणि तपासायचे. त्यानंतर लाइन ठीक असल्याचे लिहून द्यायचे, कारण त्यावरून लगेच माणसांनी भरलेली गाडी जाणार असते.

आता तुमचे बघा. रात्री आठला अभ्यासाला बसलात, नऊपर्यंत नोट्स मित्राकडून मागवणे, पेन शोधणे, मोबाइलवर "फक्त एक मेसेज" बघणे. तुमचा ब्लॉक गेला. उद्या कोणता धडा, कोणती दहा उदाहरणे, हे आज झोपण्यापूर्वी कागदावर लिहा आणि वही त्या पानावर उघडून ठेवा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवे युनिट उघडू नका. तो आवळण्याचा काळ आहे.

दुसरे, हिशेब. हल्ली सगळीकडे क्रेडिटची पद्धत आहे. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये साधारण १५ तास वर्ग, चार क्रेडिटचा विषय म्हणजे ६० तास. सेमिस्टरला २० क्रेडिट धरली तर आठवड्याला २० तास वर्ग झाले. प्रॅक्टिकलला वेळ दुप्पट लागतो, तो वेगळा. माझ्या मते घरी निदान तेवढेच तास हवेत, म्हणजे दिवसाला तीनच्या आसपास. हे काही पहाटे चारचे शीट नव्हे, माणसाला जमणारी गोष्ट आहे. पण १५ आठवडे खरोखर मिळतात का? गणपती, दुर्गापूजा, दिवाळी, घरातले एखादे लग्न वजा करा. अकरा उरतात. मग या दहा दिवसांत अभ्यास करणार असे खोटे लिहू नका. ढोल वाजवा, मोदक खा, आणि ते दहा दिवस कागदावर सुट्टी म्हणून मांडा. चाचणी मध्ये येत असेल तर तिची तयारी चतुर्थीच्या आधी संपवा.

आणि वेळापत्रक काढण्यापूर्वी एक आठवडा फक्त नोंद ठेवा. एका तासात प्रत्यक्षात किती पाने, किती गणिते होतात? आम्ही गँगचे कामही मागच्या मोजमापावरून ठरवतो, मनातल्या आकड्यावरून नाही. माझे शीट ज्या मुलासाठी होते, तो मुलगा त्या खोलीत राहतच नव्हता.

आमचा कीमन रोज आपला पाच-सहा किलोमीटरचा टापू पायी तपासतो. कालच चाललो होतो, आज कशाला, असे तो म्हणत नाही. सैल झालेली चावी हातोडीच्या दोन ठोक्यांत बसते. महिनाभर तशीच राहिली तर अख्खी गँग लागते. त्या दिवशीचा वर्ग त्याच रात्री वीस मिनिटे चाळणे एवढेच मी मागतो. कळले नाही तर तिसऱ्या आठवड्यात सरांकडे जा. तेराव्या आठवड्यात सरही काही करू शकत नाहीत. एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत, जरूर बघा. मात्र व्हिडिओ बघितला म्हणजे गणित आले असे नाही.

ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांच्यासाठी एक. खडी चाळून रूळ पुन्हा बसवला की पहिल्या दिवशी गाडी ताशी २० किलोमीटरने सोडतो. मग हळूहळू वेग वाढवत नेतो. चार बॅकलॉग एकदम अंगावर घेऊ नका. नियमात बसत असेल तर दोन नीट काढा, त्यातही पुढच्या वर्षाला ज्याचा आधार लागतो तो विषय आधी.

हे मी का सांगतो आहे? यंदा माझ्या मुलाने पहिल्या सेमिस्टरचा निकाल आम्हाला तीन आठवडे सांगितला नाही. कळले तेव्हा मी खूप ओरडलो. रात्री हिने एवढेच विचारले, "तुम्ही किती महिने लपवला होता?" दुसऱ्या दिवशी मी त्याला नोटीस बोर्डाची आणि आत्याची गोष्ट सांगितली. ती त्याला ठाऊकच नव्हती. मग दोघांनी बसून अकरा आठवड्यांचा कागद केला. तो आज शेवटच्या रांगेत बसला आहे आणि त्याच्या परवानगीनेच बोलतो आहे. दोनपैकी एक विषय निघाला. दुसऱ्याची परीक्षा दिवाळीनंतर आहे.

पालकांना विनंती, निकालाच्या दिवशी पहिला तास काही बोलू नका. मला ते जमले नव्हते.

विसर्जनानंतरच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना आपला कागद करायचा असेल त्यांनी सिलॅबस आणि मागची मार्कशीट घेऊन यावे. कसलीही मार्कशीट चालेल. कार्यवाह मघापासून घड्याळ दाखवत आहेत, आरतीची वेळ झाली आहे आणि ब्लॉक वेळेत सोडायचा असतो.

गणपती बाप्पा मोरया!