तुमचा खाडा कुणाच्या लक्षात येतो?



मेसमध्ये जेवलेल्या माणसाला ‘खाडा’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उद्या जेवायला येणार नसाल तर आदल्या रात्री वहीत लिहायचं, महिनाअखेर तेवढे पैसे वजा होतात. मी १९७६ साली मंगळवेढे तालुक्यातल्या एका गावातून पुण्यात अकरावी सायन्सला आलो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर राहायचो आणि दोन गल्ल्या पलीकडे एका काकूंकडे जेवायचो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीनं बांधलेली खाड्यांची वही लटकत असे.

पहिल्या सहामाहीत मी फिजिक्समध्ये नापास झालो. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेलो, गावातल्या शाळेत पहिला नंबर ठरलेला. इथे वर्गात सर काय बोलतात तेच कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायला माणूस नव्हतं. गुरुवारी मी जेवायला गेलो नाही. शुक्रवारीही गेलो नाही. खोलीतले बाकीचे तिघे नोकरीवाले, सकाळी जात ते रात्री येत. मी भिंतीकडे तोंड करून पडलोय हे त्यांना दिसलं असेल. झोपलाय, असं वाटलं असेल.

शनिवारी दुपारी काकूंचा आठवीतला मुलगा डबा घेऊन दारात उभा. म्हणाला, “आईनं विचारलंय, न सांगता खाडा का?” डब्यात मुगाची खिचडी होती. मी म्हटलं, ठेव, खातो नंतर. तो कॉटच्या कडेला बसला. “आई म्हणाली, डबा रिकामाच घेऊन ये.” मी जेवेपर्यंत तो हलला नाही. संध्याकाळी मी मेसमध्ये गेलो. काकूंनी काही विचारलं नाही, ताट वाढलं. चार दिवसांनी त्यांनीच एका बी.एस्सी.च्या मुलाला माझ्याशेजारी बसवलं आणि सांगितलं, याला फिजिक्स सांग.

काकू मायाळू होत्या. पण मायाळू माणसं त्या वाड्यातही होती. फरक त्या वहीचा होता. त्या वहीमुळे मी आलो नाही हे कुणाला तरी त्याच दिवशी कळत होतं. मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण मधल्या काळात मी स्वतः दुसऱ्या प्रकारची वही सांभाळत होतो.

प्राध्यापक झाल्यावर नऊ वर्षं मी एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. रात्री नऊला हजेरीपटावर सही करायची, हा नियम मी काटेकोर पाळून घ्यायचो. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याच्या परवानगीनं हे सांगतोय, नाव सांगत नाही. त्याची सही रोज असायची, एकही दिवस चुकलेली नाही. अंतर्गत परीक्षेत तो तीन विषयांत मागे पडला तेव्हा मी त्याच्या वडिलांना फोन केला आणि म्हणालो, तुमचा मुलगा अभ्यासात लक्ष घालत नाही. वडील रात्रीच्या एस.टी.नं आले, माझ्यासमोर त्याला बोलले. मी त्यात भर घातली. मन खंबीर कर, म्हणालो. पंधरा दिवसांनी रात्री दोन वाजता त्याच्या खोलीतल्या मुलानं माझं दार वाजवलं. त्याला वेळेवर दवाखान्यात नेता आलं. तो वाचला.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी मला सकाळी विचारलं, “हा जेवायचा कुणाबरोबर?”

मला सांगता आलं नाही. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, दिवाळीपासून तो मेसमध्ये कुणाबरोबरच जेवला नव्हता. सगळे उठून गेल्यावर शेवटी यायचा, कधी यायचाच नाही. चार महिने तो नैराश्यात होता आणि माझ्या हजेरीपटावर चार महिने तो हजर होता.

मित्रांनो, आपल्या भाषेत या अवस्थेसाठी एक फार चांगला शब्द आहे. ‘करमत नाही.’ सासरी गेलेल्या मुलीला आई विचारते, करमतंय का गं? बोर्डिंगात ठेवलेल्या मुलाला वडील विचारतात, करमतंय ना? त्यात लाज नाही, आजार नाही, दुबळेपणाचा आरोप नाही. नवीन जागी माणसाला करमत नाही हे सगळ्यांना मान्य असतं. अडचण अशी, की हा प्रश्न आपण पहिल्या आठवड्यातच विचारतो. दुसऱ्या सत्रात, तिसऱ्या वर्षात, कुणी विचारत नाही. आणि ज्याला आता करमत नाही त्याला वाटतं, एवढ्या दिवसांनी हे सांगणं बरं दिसणार नाही. मग तो म्हणतो ‘बोअर होतंय’, ‘झोप झाली नाही’, ‘सबमिशन चाललंय’. ऐकणाऱ्याचंही तेवढ्यावर समाधान होतं.

शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणावर अनेक वर्षं संशोधन केलं. त्यांचं म्हणणं होतं की एकाकीपणा ही भुकेसारखी खूण आहे. पोट जसं जेवायला सांगतं, तसं मन माणसांकडे जायला सांगतं. इथवर समजायला सोपं आहे. पण त्यांना पुढे असं दिसलं, की ही अवस्था लांबली की माणूस इतरांच्या चेहऱ्यावर नकारच शोधू लागतो. कुणी हसलं तर आपल्याला हसलं, कुणी उत्तर दिलं नाही तर आपण नकोसे झालो. म्हणून तो आणखी मागे सरतो. आपल्याकडे म्हणतात, फार दिवस उपाशी राहिलं की भूक मरते. माझ्या विद्यार्थ्याची ती भूक मेली होती. अशा माणसाला ‘तूच चार लोकांत मिसळ’ हा सल्ला देणं म्हणजे भूक मेलेल्याला स्वयंपाक करायला सांगण्यासारखं आहे. त्याच्यापर्यंत डबा न्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला इथे बोललीच पाहिजे. प्रत्येक एकटेपणा मनातून उगवत नाही. काही एकटेपणा दुसऱ्यांनी लादलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. त्या शहरात त्यांना कुणी राहायला जागा देईना. पारशांच्या एका धर्मशाळेत ते पारशी नावानं राहिले. त्या मोठ्या इमारतीत ते एकटेच पाहुणे. रात्री कंदिलाच्या उजेडात ते पुस्तकं वाचत बसत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना तिथून निघावं लागलं. शहरातल्या सार्वजनिक बागेत खिन्न मनानं बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. इतक्या पदव्या घेतलेल्या माणसाची ही रात्र आहे. आज वसतिगृहात आडनाव विचारून बाजूला बसणारे, इंग्रजी अडखळलं की हसणारे, आरक्षणावरून टोमणे मारणारे आहेत. त्यांच्यामुळे एकटा पडलेल्या मुलाला समुपदेशनाची गरज असेलही, पण त्याआधी त्याला न्यायाची गरज आहे. टोमणा मारणाऱ्याला थांबवणं हेही मानसिक आरोग्याचंच काम आहे.

शिकायला आलेलं मूल एकटं पडतं, हे राजर्षी शाहू महाराजांना फार आधी उमगलं होतं. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम मुलांसाठी, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळा उघडली की काम झालं, असं महाराजांनी मानलं नाही. खेड्यातल्या पोराला शहरात झोपायला जागा, जेवायला ताट आणि रात्री बोलायला आपलं माणूस लागतं, हे त्यांनी ओळखलं. पुढे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग चालवलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि त्या मुलांच्या जेवणाची काळजी वाहणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने दिले. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा पाया अशा पंगतींमध्ये आहे.

आजचं चित्र तुम्हाला माहीत आहे, तरी आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची होती, १,७६४. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निर्देश दिले, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. व्यासपीठावरील सर्व मान्यवरांना माझी हात जोडून विनंती आहे, की हे पद तासिका तत्त्वावर भरू नका. ज्या माणसाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याजवळ मूल मन कसं मोकळं करणार? आणि त्याची खोली कार्यालयाच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नको.

पण एका समुपदेशकानं हजारो मुलांना पुरे पडायचं म्हटलं तर ते होणार नाही, आणि इथे गोव्याचं काम मला फार आशा देतं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘संगत’ या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसशास्त्राची कुठलीही पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी नैराश्यानं ग्रासलेल्या माणसांना सहा ते आठ वेळा भेटायचं. काय करायचं? झोप कशी आहे विचारायचं. सोडून दिलेली छोटी कामं एकेक करून पुन्हा सुरू करायला मदत करायची, फिरायला जाणं, शेजारणीकडे बसणं, देवळात किंवा चर्चमध्ये जाणं. अडचणीची गाठ बरोबर बसून सोडवायची. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या गटातले १०० पैकी ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना थोडी सुधारलेली नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं. नीट शिकवलेलं, नियमानं येणारं माणूस एवढं करू शकतं. औषधं लागणाऱ्याला औषधं लागतातच, माझ्या विद्यार्थ्यालाही लागली, आणि त्यानं ती डॉक्टर सांगतील तितके दिवस घेतली. यात कमीपणा नाही.

आता आज पदवी घेणाऱ्या तुमच्याबद्दल. तुमच्यातले कुणी पुढच्या महिन्यात हिंजवडीला असतील, कुणी बंगळूरला, कुणी जर्मनीला, कुणी स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत. नोकरीचं पहिलं वर्ष फार एकटं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तिथे मेसची वही नाही. जेवण मोबाइलवरून दारात येतं, आणि तुम्ही तीन दिवस मागवलं नाही हे ते आणणाऱ्याला कळायचं काही कारण नाही. म्हणून आठवड्यातलं एक जेवण कुणाबरोबर तरी पक्कं ठरवून ठेवा. वार ठरलेला, जागा ठरलेली. समोरचा न सांगता आला नाही तर मेसेजवर थांबू नका, त्याच्या खोलीवर जा. माझी ही सूचना फार साधी वाटेल. ज्यांचा खाडा कुणाच्याच लक्षात येत नाही अशी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून मी ती कळकळीनं करतोय.

आणि ज्याला भेटाल तो वेगळा वाटला, झोप उलटली असेल, आंघोळ सुटली असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर सरळ विचारा, “मरून जावं असं मनात येतं का?” असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पालकांनो, पोलिसांच्या भीतीनं गोष्ट दडपू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा धरून चालतो. मूल गुन्हेगार ठरत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं एक वर्ष वाया गेलं, पण तो पदवीधर झाला. आता विदर्भात एका कारखान्यात काम करतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. मुलगी परदेशात, घरात मी एकटा. भेटणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, ठीक आहे, वाचन चाललंय, वेळ बरा जातो. एका रविवारी त्यानं फोनवर विचारलं, “सर, करमतंय का?”

मी जरा थांबलो. मग म्हणालो, नाही रे. नाही करमत.

तो म्हणाला, जेवलात का? मी काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी सकाळी तो आणि त्याची बायको रात्रभर प्रवास करून डबा घेऊन माझ्या दारात उभे होते. दुपारी मी जेवेपर्यंत तो समोर बसून राहिला.