हरपलेल्या अंगाची पुनर्रचना
(पिंपळगाव राजा येथील ज्ञातिमेळाव्यातील व्याख्यान)



आजचा विषय चारचौघांत काढण्यास आपण संकोचतो. म्हणूनच तो येथे मांडणे मला अगत्याचे वाटते. स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावा लागतो. त्या भयाने, आणि लेकींच्या सोयरिकीत विघ्न येईल या धास्तीने, कित्येक भगिनी हाताला लागलेली गाठ लपवितात. वास्तविक शंभरांतील सुमारे पाच ते दहा रुग्णांतच हा रोग आनुवंशिक दोषाने होतो. आणि गेलेल्या स्तनाची पुनर्रचनाही करता येते.

ही विद्या आपणांस परकी नाही. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडून नाकास मुकला. पुण्याजवळच्या वीटकरी जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडविले. कातडीचा देठ त्याने जोडलेलाच ठेवला, म्हणून तीत रक्त खेळत राहिले. हे वृत्त १७९४ साली लंडनच्या मासिकात छापले गेले. त्याच तत्त्वावर आज पाठीचा स्नायू अथवा पोटाची त्वचा व चरबी रक्तवाहिन्यांसह छातीवर आणून स्तन घडवितात. आपलेच मांस शरीर परके मानीत नाही. तथापि दुसरी जखम आणि लांबलेली शस्त्रक्रिया सोसावी लागते.

दुसरा मार्ग सिलिकोनचा. सिलिकोनच्या पिशवीत सिलिकोनचाच लगदा किंवा मिठाचे पाणी भरतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६२ साली सिलिकोनचा असा स्तन प्रथम बसविण्यात आला. शरीर त्याभोवती तंतूंचे वेष्टन विणते. ते कधी आकसून कठीण होते, आणि किरणोपचार झाले असता हा संभव वाढतो. ही पिशवी जन्मभर टिकेलच असे नाही. खरबरीत पृष्ठाच्या काही पिशव्यांमुळे क्वचित लसिकापेशींचा कर्करोग होतो असे आढळल्यावर २०१९ साली तसला माल जगभर मागे घेण्यात आला.

पिशवीला आधार म्हणून कधी पेशीविरहित त्वचेचे जाळे लावतात. रुग्णाच्या रक्तवाहिन्या त्यात हळूहळू शिरतात. हे जाळे मृत दात्याच्या त्वचेचे, तसेच डुकराच्या वा गाईगुरांच्या कातड्याचेही असते. ज्यांच्या श्रद्धेला ते रुचणार नाही, त्यांनी ते कशाचे आहे हे आधीच विचारावे. असे विचारणे हा रुग्णाचा अधिकार होय.

रोगाचे निर्मूलन प्रथम, हे खरेच. परंतु पुनर्रचनेचा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच बोलून घ्यावा. मुंबईस १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी पुनर्रचना होते. ज्या भगिनीस ती नको असेल तिने चोळीत कापडी गादी वापरावी, अथवा काहीच वापरू नये. त्याने तिच्या योग्यतेत तिळमात्र उणेपणा येत नाही.

पतिराजांनी व सोयरीक जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे मनावर घेतले, तर पुष्कळ गाठी वेळेवर डॉक्टरांसमोर येतील. तेवढी विनंती करून मी आपले भाषण पुरे करतो.