भेट कोणासाठी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भरलेल्या पालकसभेतील भाषण)



विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी भेटवस्तू कशा निवडाव्यात, हा विषय कार्यकारिणीने आम्हांला नेमून दिला आहे. पन्नास वर्षांच्या संस्थेने एवढ्याशा गोष्टीसाठी सभा का भरवावी, असे कोणासही वाटेल. आम्हांलाही पूर्वी तसेच वाटले असते. गणेशोत्सवातील बालमेळाव्याच्या खाऊची आणि खेळण्यांची खरेदी कैक वर्षे आमच्याकडे आहे. चिकपेठेत जावे, मुलांसाठी एक व मुलींसाठी एक अशा दोन प्रकारच्या वस्तू डझनांवारी घ्याव्यात, पावत्या खजिनदारांच्या स्वाधीन कराव्यात, की आमचे काम संपले. आमच्या या पद्धतीत हिशेब कधी चुकला नाही. चूक दुसरीकडेच होती.

नऊ वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात मुलग्यांसाठी आम्ही बॅटरीवर चालणारे आगीचे बंब आणले होते. कळ दाबली की तांबडा दिवा लागे आणि भोंगा वाजे. एक सहा वर्षांचा मुलगा आईच्या पदराला धरून व्यासपीठाजवळ आला. तो स्वमग्न आहे हे आम्हांस माहीत होते. म्हणजे तो शब्द आम्हांस माहीत होता, एवढेच. मुलगा वस्तू हाती घेईना, तेव्हा त्याला गंमत वाटावी म्हणून आम्ही स्वतःच कळ दाबली. त्याने दोन्ही कानांवर हात दाबले, जमिनीवर बसकण मारली आणि डोके आपटून घेऊ लागला. भोंगा बंद करण्याची कळ आम्हांला चटकन सापडेना. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "मुलाला जरा शिस्त हवी." त्या माउलीने मुलाला उचलले आणि आरतीपूर्वीच सभागृह सोडले. पुढच्या वर्षी ते कुटुंब आले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मुलुखापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मामा, मावशी, आत्या सगळे या मंडळातच मिळतात. मंडळ सुटणे म्हणजे त्या मुलाचे अर्धे गणगोत सुटणे होय.

दोन वर्षांनी धीर करून आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाईंनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. चहा ठेवता ठेवता त्या फक्त म्हणाल्या, "काका, आधी एक फोन केला असतात, तर मी सांगितलं असतं." मुलगा स्वयंपाकघराच्या दारात बसून डब्याचे झाकण गरगर फिरवीत होता आणि ते थांबेपर्यंत त्याकडे एकटक पाहत होता. त्याला काय द्यावे हे विचारण्यासाठी आम्ही गेलो होतो. उत्तर आमच्या पायांशीच फिरत होते.

नंतर त्यांनीच समजावून सांगितले की, आपल्या कानांना साधा वाटणारा आवाज काही मुलांना असह्य होतो. परंतु दुसरे एखादे स्वमग्न मूल मुद्दाम आवाज शोधीत फिरते, थाळी वाजवून वाजवून घर डोक्यावर घेते. तेव्हा स्वमग्न मुलांस अमुक वस्तू द्यावी, असा नियम करता येत नाही. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार सांगितले होते. 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले. कायद्याला अशी वर्गवारी लागते. भेट देणाऱ्याचे काम मात्र एकवीस खणांनीही भागत नाही, कारण एकाच खणात बसणारी दोन मुलेदेखील सारखी नसतात.

येथून म्हैसूरच्या वाटेवर साठेक किलोमीटरांवर चन्नपट्टण आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी रस्त्याकाठच्या त्या दुकानांत गाडी थांबविली असेल. त्या वर्षी आम्ही दुकानापाशी न थांबता आत कारागिराकडे गेलो. लाकूड यंत्रावर फिरत असते, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीचे पान दाबून तिला चकाकी आणतात. सावंतवाडीचे लाखकाम पाहिलेल्यांना हे सांगावयास नको. तेथून आम्ही लहानमोठे सहा भोवरे आणले. दोरीचे नव्हेत, बोटांनी फिरवावयाचे. पट्ट्यापट्ट्यांचा रंग फिरताना एकजीव होई. ते घेऊन आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलाने आमच्याकडे पाहिले नाही, आभारही मानले नाहीत. भोवऱ्यांकडे मात्र तो तासभर पाहत होता. शेवटी एक भोवरा त्याने आमच्यापुढे सरकविला. तो आम्ही फिरवावा अशी त्याची इच्छा होती, असे आईने सांगितले तेव्हा कळले.

दृष्टिहीन मुलांच्या बाबतीत आमचे अज्ञान आणखी ढोबळ होते. जन्मतः न दिसणाऱ्या एका मुलीला आम्ही प्लॅस्टिकचा हत्ती दिला होता. तिने तो सगळीकडून चाचपून विचारले, "हे टेबल आहे का?" ज्याने हत्ती पाहिला आहे त्यालाच तळहाताएवढ्या हत्तीतून हत्ती आठवतो. बोटांना ते चार पायांचे गुळगुळीत लाकूड किंवा प्लॅस्टिक, दुसरे काय? खेळण्यांच्या दुकानातील निम्मा माल हा असा डोळ्यांनी ओळखण्याचा असतो. त्या मुलीच्या आजीने तिला लहानसे पण खरेखुरे पोळपाट-लाटणे दिले होते, आणि आमच्यापेक्षा त्या आजींना पुष्कळ अधिक कळत होते. सावंतवाडीची लाकडी फळे खऱ्या फळांच्या आकाराची असल्याने काही अंशी चालतात. पण ज्या घरात आंबा येतो तेथे लाकडी आंब्याचे काय कौतुक? बुद्धिबळाचा खास पट मिळतो: काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घरात भोक, सोंगट्यांना खुंट्या आणि काळ्या सोंगट्यांच्या माथ्यावर टोचणी. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू मिळतो. आत छर्रे असल्याने तो खुळखुळत येतो. अशी वस्तू डोळस भावंडालाही खेळता येते, हा तिचा मोठाच गुण.

येथे एक गोष्ट आपणां दूरदेशी राहणाऱ्यांच्या विशेष उपयोगाची आहे. 1951 साली भारतीय भाषांसाठी समान ब्रेल ठरली, तिला भारती ब्रेल म्हणतात. सहा टिंबांच्या ज्या मांडणीने कन्नडमध्ये 'क' होतो, तिनेच मराठीतही 'क' होतो. आपल्या डोळस मुलांना शाळेत कन्नड लिपी आणि घरी देवनागरी अशा दोन लिप्या गिरवाव्या लागतात. कन्नड ब्रेल शिकलेल्या मुलीच्या बोटांना मराठीची बहुतेक अक्षरे आधीच ओळखीची असतात. हे कळल्यावर आम्ही पुण्याहून तिच्यासाठी मराठी गोष्टींचे ब्रेल पुस्तक मागविले. 2008 साली मुंबईहून श्री. स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, त्याचीही माहिती तेव्हाच झाली. आजीला डोळ्यांनी दिसेना झाले आहे. आता नात आजीला वाचून दाखविते, तेही रात्री दिवा न लावता.

ज्या मुलांच्या हातांवर ताबा कमी असतो, जसे सेरेब्रल पाल्सीत होते, त्यांना वस्तू जड बुडाची व जाड मुठीची हवी. चिमटीत न येणारा ठोकळा म्हणजे त्या मुलाची रोजची हार. मुठीचे लाकडी कोडे मिळते, न मिळाल्यास सुतार करून देतो. रंगीत खडूला चिंधी गुंडाळली तरी काम होते. मुठीच्या दट्ट्यांचे प्रसिद्ध साहित्य ज्यांनी बालवाड्यांत आणले, त्या माँटेसोरीबाईंच्या कामाची सुरुवात रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांतच झाली होती, हे आपण विसरतो. कर्णबधिर मुलास वाजणारी वस्तू नको, हाही असाच घाईचा निष्कर्ष. पुष्कळांना थोडेफार ऐकू येते, आणि ढोलकीचा ठेका तर तळहातालाही कळतो.

वयाचा प्रश्न सर्वांत नाजूक. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी खुळखुळा दिलेला आम्ही पाहिला आहे. डब्यावर 'वय 1 ते 3' छापलेले होते. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मुलीला झेपेल असे त्याने पाहिले. मुलीने तो शेजारच्या तान्ह्या बाळाच्या दुपट्यावर ठेवला आणि आपल्या मैत्रिणींच्या हातांतील बांगड्यांकडे पाहत राहिली. तिला बांगड्या का दिल्या नाहीत? झेपेल तेच द्यावे, पण देताना तिची पंधरा वर्षे वजा करू नयेत. याच्या उलट, एखाद्या मोठ्या मुलाला भोवराच आवडत असेल तर तोही खुशाल द्यावा. भोवरा साठीनंतरही आवडतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. तोंडात वस्तू घालण्याची सवय कित्येक मुलांस मोठेपणीही राहते. बटणाएवढी चपटी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजते. तेव्हा बॅटरीचे झाकण स्क्रूने बसविलेले आहे का ते पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. नोंदणी केलेल्या हस्तकला-कारागिरांस त्यातून सूट आहे, म्हणून लाकडी वस्तूचा रंग व सुटे भाग आपणच तपासावेत.

आणखी एक विनंती. या मुलांना व्यासपीठावर वेगळे बोलावून भेट देताना छायाचित्र काढण्याची प्रथा आपण बंद करावी. आपले घर सोडून कोठेतरी दानधर्म केल्यासारखे ते दिसते. आणि घरात दुसरे भावंड असेल तर त्याच्याही हाती काही द्यावे. ते बापडे नेहमीच मागे उभे असते.

यंदा मेळाव्याची यादी डझनांची नाही, नावांची आहे. वह्या दाराशी ठेवल्या आहेत. पालकांनी मुलाचे नाव, आवड आणि नावड लिहावी. पुढच्या रविवारी सकाळी सातला आम्ही चन्नपट्टणला निघणार आहोत, गाडीत तीन जागा आहेत. वहीतली पहिली नोंद ज्या बाईंनी केली, त्या आज सभेस आल्या आहेत. त्यांचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. त्यांनी लिहिले आहे : "मोठा भोवरा, निळा. आवाज नको. आरतीच्या वेळी आम्ही मागच्या खोलीत बसू, प्रसाद तिकडे पाठवावा."